चुलीमागची खोली

रोवणीचे दिवस आले की मला भेव लागतं. भीती हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला; भेव त्याच्या कितीतरी आधी, घरातच भेटलं होतं.

परवा तुमसरहून सिहोऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसले होते. आषाढ संपत आलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या पाण्यानं काठोकाठ भरलेल्या, आणि डोक्यावर पोत्याच्या खोळा घेतलेल्या बाया ओळीनं वाकून धानाची रोपं चिखलात रोवत होत्या. त्या कोवळ्या पऱ्ह्यांचा पोपटी रंग डोळ्यांत मावत नव्हता. पुढच्या बाकावरची दोन पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. उघड्या खिडकीतून चिखलाचा वास आत आला आणि मी पदर नाकातोंडाशी धरला. शेजारच्या बाईच्या ते लक्षात आलं.

"काहून वं बाई, मळमळून राहिलं का?"

"नाही जी. गाडी लागते कधी कधी," मी म्हटलं.

गाडी मला कधीच लागत नाही. रोवणी लागते.

आमचं गाव सिहोऱ्यापासून थोडं आत, नाल्याच्या पलीकडे. घर माझ्या पणजोबांनी बांधलेलं, विसावं शतक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाचं. ते अजून उभं आहे, माणसं त्यात नांदतात, दर उन्हाळ्यात छपरावरचे कवेलू फेरले जातात. आजकालच्या आमच्या डब्यांसारख्या घरांत राहून त्या घराची आठवण झाली की मला पहिल्यांदा त्याचं शहाणपण आठवतं. जोतं माणसाच्या कमरेएवढं उंच, त्यामुळे कितीही पाणी येऊ दे, उंबऱ्याला लागत नसे. समोर लांबच लांब छपरी, सागवानी खांबांची. छपरीला लागून बैठक. बैठकीच्या खिडक्या जमिनीपासून वीतभरच उंच, उभे लाकडी गज असलेल्या, म्हणजे खाली गादीवर बसलेल्या माणसाच्या अंगावर सरळ वारा यावा. बैठकीमागेही छपरी, आणि तिच्यापुढे आंगण. आंगणाच्या एका अंगाला गुरांचा कोठा, दुसऱ्या अंगाला सैपाकघर, आणि मधोमध विहीर, दोघांनाही सारखीच जवळ. सैपाकघरावर माळा, चुलीचा धूर त्या माळ्यातून फिरून वर जायचा आणि पुढच्या सालासाठी ठेवलेल्या बियाण्याला कीड लागू द्यायचा नाही. धानाच्या बांबूच्या ढोल्या दगडांवर ठेवलेल्या, खालून मांजर फिरेल इतकी जागा सोडून. मागच्या दारातून निघालं की सांदवाडी, तिथं वांगी, मिरच्या, मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड.

आमच्या आबाजींना, म्हणजे गावचे पाटील असलेल्या माझ्या आजोबांना, या घराचा फार अभिमान. कोणी पाहुणा आला की पाणी पिऊन होताच ते त्याला घर दाखवायला उठत. "पाहा जी," ते म्हणत, "या घरात बाईले एक पाऊल फुकट टाकावं लागत नाही. माह्या बापानं लय विचार करून बांधलं हे."

पाहुणा माना हलवायचा. मग आबाजी त्याला सैपाकघराच्या दारापर्यंत नेत आणि चुलीमागच्या भिंतीकडे बोट दाखवत. "त्या भिंतीमागं बाळंतिणीची खोली हाये. इकडून चूल पेटली का तिकडं भिंत गरम. बाळंतिणीले वेगळं शेकाचं कामच नाही. भिंतच शेकते तिले!"

पाहुण्यांना ते फार आवडे. मलाही आवडायचं. ती खोली होतीच तशी नीट विचार केलेली. वारा लागू नये म्हणून खिडकी नाही. थंडी आत येऊ नये म्हणून दार ठेंगणं, वाकून जावं लागे असं. दिव्यासाठी कोनाडा. न्हाऊ घालायचं पाणी बाहेर जावं म्हणून कोपऱ्यात मोरी. बैठकीतल्या पुरुषांच्या कानावर काही जाऊ नये म्हणून घराच्या अगदी पोटात, एका बाजूला सैपाकघर आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या ढोल्या. भिंती हातभर जाडीच्या. आमचे बाबा तिथं जन्मले, काका तिथं जन्मले, मी तिथं जन्मले.

विमलकाकू आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत असेन. ती माझ्या धाकट्या काकांची बायको. तिची आई लहानपणीच गेलेली, भाऊ कुठं दूर रेल्वेच्या कामावर. माहेर म्हणून जायला जागाच नव्हती तिला. म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. आजी त्याच्या आधीच वारली होती, घरात मोठी बाई म्हणजे माझी आई, आणि ती तरी कितीशी मोठी.

ते पहिलं बाळ रोवणीच्या दिवसांत आलं, वेळेच्या बरंच आधी. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आई मजुरांची न्याहारी घेऊन शेतावर गेली होती, मी शाळेत होते. मी घरी आले तेव्हा आंगणात माणसं जमली होती. आई विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती, तिच्या पायांवरचा चिखल तसाच वाळलेला. बाळ आलं आणि गेलं, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. शेजारणी म्हणाल्या, देवाची मर्जी. आबाजी चार दिवस नीट जेवले नाहीत. काकूला कोणी काही विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही.

त्यानंतर ती चुलीमागच्या खोलीच्या बाजूनं जाईनाशी झाली. सैपाकघरातून धानाच्या खोलीकडे जायचं तर त्या ठेंगण्या दारावरूनच वाट. काकू मागच्या दारानं सांदवाडीत उतरायची, भर पावसात घराला वळसा घालायची आणि दुसऱ्या दारानं आत यायची. आई बघायची, बोलायची नाही. एकदा ढोलीतून तांदूळ काढायला काकूनं मला सोबत नेलं. त्या दारापाशी येताच तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात विहिरीच्या दोरासारखा गार आणि ओला होता. त्या दिवसापासून ते दार मलाही भिववू लागलं. मी श्वास धरून तिथून पळायची. आत काय आहे याची मला कल्पना नव्हती, आणि कल्पना नसल्यामुळे आत काहीही असू शकत होतं. पोरं म्हणायची, तिथं लेकरू रडते. मी भिंतीला कान लावून पाहायची हिंमत कधी केली नाही.

दोन वर्षांनी काकूला पुन्हा दिवस गेले. या खेपेला काकांनी ठरवलं होतं, रोवणी आटोपली की बैलगाडीनं तिला तुमसरच्या दवाखान्यात न्यायचं. दिवस पोळ्याच्या नंतरचे सांगितले होते. मी तेव्हा सातवीत.

पण त्या साली झड लागली ती थांबेचना. नाला भरून वाहू लागला. आमची शाळा नाल्यापलीकडे, ती बंद झाली. तुमसरच्या एका राइस मिलचे खरेदीवाले दिवाणजी गावात आले होते, ते आमच्याच घरी अडकून पडले. दिवसभर बैठकीत आबाजी आणि दिवाणजी पाऊस बघत बसायचे. पऱ्हे जास्त वाढून चालत नाहीत, म्हणून पाऊस असला तरी शेतावर जावंच लागे. त्या सकाळी बाबा, काका, गडी, मजूर, सगळे गेले. आई मात्र घरी थांबली. मागच्या खेपेपासून तिनं काकूला एकटं सोडणंच बंद केलं होतं.

सकाळचं शेण काढून झालं, तेव्हा काकू विहिरीजवळ वाकून उभी राहिली आणि तशीच राहिली.

"विमल?" आई म्हणाली.

"बाई, कंबर भरून आली वं."

आईचा चेहरा मी पाहिला. मोठ्या माणसांनाही भेव लागतं हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यानं माझं भेव दुप्पट झालं. "मंदे," आई मला म्हणाली, "पळ. रुखमाबाईले घेऊन ये. टोलीत घरी नसन, रोवाले गेली असन. पाटाच्या बाजूच्या बांधीत पाहाजो."

रुखमाबाई आमच्या गावची सुईण. मी डोक्यावर पोतं घेऊन निघाले. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून पाय घसरत होते. बांधीमागून बांधी, आणि प्रत्येक बांधीत वाकलेल्या पाठींची एक ओळ. सगळ्यांच्या डोक्यावर तशाच खोळा, सगळ्यांचे चेहरे चिखलाकडे. कोणती पाठ रुखमाबाईची? मी ओरडले. बाया गाणं म्हणत होत्या, पावसाचा आवाज होता, माझा आवाज माझ्या तोंडापुढेच पडत होता. मी एका बांधीवरून दुसऱ्या बांधीवर पळत होते आणि "रुखमाबाई! रुखमाबाई!" करत होते. एकही पाठ सरळ होत नव्हती. उभ्या आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नाही. शेवटी मी धुऱ्यावरून बांधीतच उडी मारली, नुकती रोवलेली रोपं तुडवत ओळीपर्यंत गेले आणि समोर आली त्या बाईचं लुगडं धरून ओढलं. तिनं वर पाहिलं, मग ओळीला हाक दिली, आणि ओळीच्या पार टोकाची एक पाठ उभी राहिली.

आम्ही घरी पोचलो तोवर आईनं खोली झाडली होती. कोनाड्यात दिवा लावला होता, बाज टाकली होती, शेगडी पेटवली होती. चुलीवर पाण्याचं भांडं उकळत होतं. रुखमाबाईनं हातपाय धुतले आणि सरळ त्या ठेंगण्या दारातून आत गेली, तिला काय सवयच होती. आई काकूचा दंड धरून तिला घेऊन आली.

काकू दारापर्यंत आली. मग तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली.

"चाल विमल."

"बाई, मी तिथं नाही जात."

"सारी तयारी तिथं केली ना मी. शेगडी तिथं, मोरी तिथं. मी नाही सोडून जात तुले, माहा शब्द हाये."

"तुमी नाही सोडणार वं. पन भिंत हाये ना."

आईला काही समजलं नाही. आतून रुखमाबाई खेकसली, "आता हे काय नाटक? येळ हाये का आपल्यापाशी?" काकूला कळ आली. तिनं ओठ दाबून ती सोसली, चौकट सोडली नाही. कळ ओसरली तशी तिनं आईचा हात झटकला आणि वळली. आंगणात पाऊस धो धो कोसळत होता. ती त्या पावसात चालत निघाली. विहिरीला वळसा घालून, कोठ्याच्या समोरून, सरळ बैठकीच्या दाराकडे.

त्या घरातली बाई पाहुणा बसलेला असताना बैठकीत पाय ठेवत नसे. चहासुद्धा दारापर्यंत यायचा आणि तिथून कोणी पोरगं आत न्यायचं. काकू उंबरा ओलांडून आत गेली तेव्हा तिच्या डोक्यावर पदर नव्हता, लुगड्यातून पाणी गळत होतं, आणि एका हातानं तिनं खांब धरला होता. दिवाणजी चटकन उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आई दाराबाहेरच थिजली. मी तिच्या मागे.

"मामाजी," काकू सासऱ्यांना म्हणाली, "मले इथं राहू द्या."

आबाजी गादीवरून अर्धवट उठले. "सूनबाई, ही बैठक हाये. आत जा. बाई हाये तुह्यापाशी, सुईन आली."

"मी त्या खोलीत नाही जात."

"काहून?"

मला वाटलं आबाजी आता ओरडतील. काकूला दुसरी कळ आली, तिनं खांबावर कपाळ टेकलं. मग ती बोलली, ते इतकं हळू की पावसात मला जेमतेम ऐकू आलं.

"परारच्या रोवणीले मी तुमाले आवाज देल्ला होता, मामाजी. त्या खोलीतून. लेकरू जिवंत होतं तवा. मले उठता येत नव्हतं. मी लय आवाज देल्ला. तुमचा रेडिओ लागला होता, तो मले बारीक आयकू येत होता. माहा आवाज तुमाले नाही आला."

आबाजींच्या गादीशेजारी चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर होता, त्या वेळी बंदच होता. आबाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग काकूकडे पाहिलं.

"लय येळ?" त्यांनी विचारलं.

"हो."

आबाजी उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखत, नेहमी उठताना ते कशाचा तरी आधार घेत. त्या वेळी नाही घेतला. त्यांनी गादी गोळा केली, उशा उचलल्या, सतरंजी झटकून पुन्हा अंथरली. स्वतःच्या हातानं खिडक्यांची दारं लावली, एकीची फक्त फट ठेवली. मग म्हणाले, "चला दिवाणजी. तुमी कोठ्यात बसा. ढोरं मारकी नाहीत."

"आणि तुमी?"

"मी इथं बाहेर आहो."

आणि ते खरंच बैठकीच्या दाराबाहेर, आंगणाकडच्या छपरीत, दाराकडे पाठ करून बसले. रुखमाबाई आली तेव्हा तिनं हात कपाळाला लावला. "बुढा दाराशी बसला, पोरगी बाळंत होईन कशी?"

"बसू द्या त्यायले," आतून काकू म्हणाली.

मग ती लांब दुपार. पणजोबांनी लय विचार करून बांधलेलं ते घर त्या दुपारी आमच्या विरुद्ध उभं राहिलं. चूल आंगणाच्या त्या टोकाला, बाळंतीण या टोकाला. मी सैपाकघरातून कढत पाण्याचं भांडं उचलायची, पावसातून आंगण ओलांडायची, आणि बैठकीत पोचेपर्यंत त्यात पावसाचं पाणी पडून ते कोमट झालेलं असायचं. काकूचा आवाज वाढत होता. प्रत्येक खेपेला मी आंगणाच्या मधोमध आले की तो आवाज अंगावर यायचा आणि पाय जड व्हायचे. एकदा भांडं माझ्या हातून पडलं. मी तिथंच चिखलात उभी राहून रडू लागले.

आबाजींनी मला हाक मारली. "पोरी, इकडं ये. तिथून पानी नको आणू आता." जोत्याच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या विटा छपरीच्या कोपऱ्यात होत्या, त्यांतल्या त्यांनी तीन मांडल्या. मला माळ्यावरून तुराट्या आणायला सांगितल्या. आबाजींना मी तोवर चुलीपुढं बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी फुंकून फुंकून जाळ केला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. छपरीत धूर कोंडला. पण पाणी उकळलं, आणि दारातून हात लांबवला की आईच्या हातात भांडं जात होतं. "अजून पाहिजे का, विचार," ते मला म्हणायचे. मी विचारायची. आतून आई "हो" म्हणायची आणि आबाजी पुन्हा वाकून फुंकायचे.

त्या वेळी मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. पेटलेली तुराटी बोटांपर्यंत आली तरी त्यांना कळली नव्हती. भेव त्यांच्याही हातापर्यंत आलं होतं.

बाळ आलं ते आम्हाला आवाजांवरून कळलं. काकूचा आवाज एकदम थांबला. रुखमाबाई काहीतरी पुटपुटली. आई म्हणाली, "अगं बाई." आणि मग काहीच नाही. पाऊस तेवढा कवेलूंवर वाजत होता. मी भांडं घेऊन दारात उभी होते, दार अर्धं उघडं होतं. रुखमाबाईच्या हातात काळंनिळं, चिमुकलं, लोंबणारं काहीतरी होतं. ती त्याच्या पाठीवर थापट्या देत होती, ते हलत नव्हतं.

"रुखमा," बाहेरून आबाजी म्हणाले. "आवाज काहून नाही येत?"

रुखमाबाईनं बाळाला उलटं धरलं, पुन्हा थापटलं.

"रुखमा! आवाज काहून नाही येत?"

काकूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. ती मला काही विचारत नव्हती. हे असंच होणार हे तिला आधीच ठाऊक होतं, अशी ती नजर होती. रुखमाबाईनं बाळाचं तोंड आपल्या तोंडात घेतलं, आतलं चोखून जमिनीवर थुंकली, पुन्हा चोखलं, मग हळूच फुंकर घातली. पदरानं पाठ चोळली. पुन्हा फुंकर घातली. छपरीत आबाजी उभे राहिलेले मला दिसत होते, भिंतीला तळहात लावून.

मग शिंकेसारखा एक आवाज झाला. अगदी बारीक. आणि त्याच्यामागून रडणं, आधी तुटक, मग सलग, मग असं जोरात की कोठ्यातली गाय हंबरली.

आबाजी जागच्या जागी खाली बसले, छपरीच्या ओल्या जमिनीवर. "आयकलं," ते म्हणाले. "सूनबाई, मी आयकलं."

आत काकू रडू लागली. माझ्या आठवणीत काकू तेव्हा पहिल्यांदा रडली. पहिल्या वेळी तिला रडतानाही कोणी पाहिलं नव्हतं. मुलगी झाली होती. दुपार कलताना काका शेतावरून आले, मांड्यांपर्यंत चिखलानं भरलेले. चुलीमागच्या खोलीशी सोडून बैठकीसमोर इतकी गडबड का, हे त्यांना समजेना. ते आंगणातच उभे राहिले, पुढे येईनात, विचारीनातही. शेवटी कोठ्यातून दिवाणजींनीच ओरडून सांगितलं, "अरे, पोरगी झाली! ये ना जवळ!"

काकू सव्वा महिना बैठकीत राहिली. आबाजी तितके दिवस छपरीत झोपले. गावात लोक हसले. "पाटलाच्या बैठकीत पाळणा हाले," म्हणाले. कोणी भेटायला आला तर आबाजी त्याला आंगणात बाजेवर बसवत. घर दाखवायला मात्र ते त्यानंतर कोणालाच उठले नाहीत. एके दिवशी त्यांनी गड्याला बोलावून चुलीमागच्या खोलीचं दार चौकटीतून उतरवलं. त्या खोलीत मग बियाणं ठेवलं जायचं.

मी पुष्कळदा विचार करते. आबाजी पाहुण्यांना जे सांगत ते खोटं नव्हतं. ती भिंत खरोखरच शेकत होती. जोतं खरोखरच पाणी अडवत होतं, धूर खरोखरच बियाणं राखत होता. त्या घरातल्या प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी फार काळजीनं विचार केला होता. फक्त त्या खोलीत निजणाऱ्या बाईला कोणी विचारलं नव्हतं की तुला तिथं कसं वाटतं. ऊब देणारी जाड भिंत आणि आवाज गिळणारी जाड भिंत एकच होती. हे मला नंतर, पुष्कळ वर्षांनी उमगलं. त्या दुपारी मी फक्त पाणी वाहत होते आणि भीत होते.

काकूचं भेव त्या दिवशी संपलं असं मला वाटे. तसं नव्हतं. माझं लग्न झालं, मला दिवस गेले, आणि मी माहेरी आले तेव्हा एकदा तिला विचारलं. आम्ही सांदवाडीत मुनग्याच्या शेंगा वेचत होतो. तिची पोरगी तेव्हा शाळेत जायला लागून बरीच मोठी झाली होती, आंगणात मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती.

"काकू, आता तुले भेव नाही ना लागत?"

"लागते ना वं," ती म्हणाली. "अजून बी दुपारी घरात कोनी नसलं का मी उगाच एखादा आवाज देऊन पाहते. कोनी ओ देते का म्हून."

आबाजी त्याच्या आधीच गेले होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा बाबा आणि काका वेगळे झाले, भांडण न होता. जुनं घर बाबांकडे राहिलं. काकांनी बाजूच्या मोकळ्या जागेत विटा-सिमेंटचं घर बांधायला काढलं. रोवणी संपलेली होती, उघाड पडली होती, आणि मी बाळाला घेऊन माहेरी आले होते. तुमसरहून गवंडी आला. त्यानं जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायला सुरुवात केली. इथं बैठक, इथं सैपाकघर, इथं मागची खोली.

काका काकूला म्हणाले, "पाहून घे बरं, मग नको म्हणजो काही."

आमच्या घराण्यात घर बांधताना बाईला विचारलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. काकू फक्कीच्या रेघांवरून पाय न पडू देता चालत मागच्या खोलीच्या जागी गेली. तिथं उभी राहिली. मी आणि काका पुढं, बैठक होणार होती त्या ठिकाणी.

"मंदे!" तिनं हाक मारली. "आयकू येते का?"

"येते!" मी म्हटलं.

काका हसले. "अवं, भिंती कुठं हायेत अजून? आयकू तर येणारच ना!"

काकू हसली नाही. "म्हूनच आत्ता विचारून राहिली," ती म्हणाली. "भिंती झाल्यावर कोन आयकते?"

गवंड्यानं तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग पायानं मागच्या खोलीची बैठकीकडची रेघ मधोमध पुसली आणि तिथं खिडकीसाठी जागा सोडली.